टेकडीच्या पोटाआडचा कंदील

"नकाशात उंचीच्या रेषा खाली दाट आणि वर विरळ दिसल्या, की टेकडीचं पोट सुटलंय समजा. खालच्याला वरचा माणूस दिसत नाही, हे विसरू नका," असं पुसदच्या कॉलेजात भूगोलाच्या सरांनी बजावलं होतं. रुपाली मागच्या बाकावर होती. टेकडीवरच्या माणसाला पाहायला आपण कशाला जातोय, असं ती मैत्रिणीच्या कानात म्हणाली आणि दोघी तासभर खुदखुदत राहिल्या.

आता ती लेकराची आई होती आणि टेकडीखालच्या घरात नांदत होती. टेकडीच्या उतारावर त्यांचं बरड वावर, त्यात कापूस. सासरे पुंडलिकराव रोज संध्याकाळी जागलीला वावरात बल्ल्यांवर बांधलेल्या माळ्यावर जात, रानडुकरं हाकलायला. नवरा नयन हंगामभर राळेगावकडे कापसाच्या जिनिंगात कामाला.

ती वर्षं कापसाची फार वाईट होती. शेजारच्या वावरातले देवराव पोळ्यानंतर एका सकाळी उठलेच नाहीत. कशानं गेले, ते सारं गाव जाणून होतं. तेव्हापासून कुणी कुणाला काही विचारत नसे, पण नजर मात्र साऱ्यांची एकमेकांवर. पुंडलिकरावांची तर त्यांच्याशी बालमैत्री. ते जेवत, कामाला जात, बोलत मात्र नसत. मग रुपालीनंच नातीचं निमित्त काढलं. दिवेलागणीला आजोबांनी माळ्यावरून कंदील हलवायचा, तिनं छोट्या वैष्णवीला कडेवर घेऊन अंगणातून बॅटरी दाखवायची. पोरगी टाळ्या पिटायची. रुपालीच्या जिवाला तेवढाच आधार.

पाणलोटाच्या कामासाठी आलेल्या साहेबांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टेकडीचा नकाशा लावला आणि तिला शिकलेलं आठवलं. एकसारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या तपकिरी रेषा. खाली अगदी खेटून, म्हणजे उभा चढ. वर जंगलाच्या कडेला फाकलेल्या, म्हणजे सपाटी. तिनं घरी येऊन सासऱ्यांना मोठ्या हौसेनं सांगितलं, की माळा वर सपाटीवर बांधा, डुकरं तिथूनच उतरत असणार. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बल्ल्या उपटून वर नेल्या.

त्या संध्याकाळी कंदील दिसला नाही.

ती वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या ढिगावर चढली. काही नाही. शेजारच्या चंदाबाईनं सांगितलं, की बुढा घोंगडी घेऊन वर जाताना तिनं डोळ्यांनी पाह्यला. तेव्हा रुपालीनं धुळीत बोटानं रेषा ओढल्या, खाली दाट, वर विरळ, आणि सरांचं उरलेलं बजावणं तिला आत्ता आठवलं: खालच्याला वरचा माणूस दिसत नाही.

सकाळी पुंडलिकराव आले, तेव्हा तिनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. माळा परत खाली आणा, असं ती चाचरत म्हणाली.

"काहून? तूच तं म्हनलं. डुकरं बरोबर तिथूनच येऊन राह्यले," ते म्हणाले. मग चहा पीत, "म्या कंदील हलवला ना बाई. लय वेळ. तुई बॅटरीच नाही दिसली. मले वाटलं, पोरगी झोपली असन."

"मामाजी, आम्ही अंगणातच होतो. टेकडीचं पोट आड येते."

"येऊ दे. आता नाही हलवत. घासलेट कायले जाळा फुकटचं."

संध्याकाळी भाकरी बांधून ते पुन्हा वर निघाले. मला तुमच्या जिवाची भीती वाटते, हे सून सासऱ्याला कोणत्या तोंडानं सांगणार? वैष्णवीला ताप चढलेला, तिला टाकून वर जाता येईना. नयनला निरोप धाडला होता, त्याचं उत्तर नव्हतं.

सरपणाला जाणाऱ्या बायांना, गुराख्यांना ती आता अंगणातून हाक मारते आणि म्हाताऱ्याला पाहून यायला सांगते. तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. टेकडीवरून फुलसावंगीला जाणाऱ्या वाटेनं जाणार असाल, तर चढ संपतो तिथं थांबू नका. थोडं पुढं सपाटीवर एक माळा आहे. बिडीला काडी मागा, डुकरांचं विचारा, काहीही विचारा. म्हातारा ओ देतो का, तेवढं पाहून या.