खंडाच्या दिवशीची सही

वर्षातून एक दिवस मी नसते. म्हणजे असते, लेबर रूममध्ये दोन पायांवर उभी असते, पण कागदावर नसते. कंत्राटी नर्सची जुनी ऑर्डर संपते आणि नवी निघते, त्या दोन्हींच्या मध्ये एक दिवस मोकळा सोडतात. त्याला खंड म्हणतात. खंड पडला की नोकरी सलग राहत नाही, आणि सलग नाही म्हणजे कायम करा म्हणायला तोंड राहत नाही. ज्या कुणाच्या डोक्यातून ही युक्ती निघाली, तो एकदा समोर यावा एवढीच माझी इच्छा आहे.

आणि आम्हीही अशा बावळट, की त्या दिवशी घरी बसत नाही. कळमनुरीच्या पुढे आत वळलं की आमचं आरोग्य केंद्र. तिथे रीतच पडून गेली आहे: खंडाच्या दिवशी यायचं, सगळं काम करायचं, फक्त कुठे सही करायची नाही. मस्टरवर नाही, प्रसूतीच्या रजिस्टरमध्येही नाही. केलेलं काम कायम सिस्टरच्या नावावर लिहायचं. अकरा वर्षं मी हे मुकाट्याने केलं.

आमची कायम सिस्टर म्हणजे कोमल. माझ्यानंतर सहा वर्षांनी आली. सलाइन लावायला शीर कशी शोधायची, ते तिला मी शिकवलं. ड्यूटी सारखीच, पगार माझ्या दुपटीहून जास्त. पोरगी गुणाची आहे. तरी पगाराच्या दिवशी मला तिचा राग येतो, आणि मग तिचा राग आला म्हणून स्वतःचा येतो.

यंदा खंडाच्या दिवशी कोमल हिंगोलीला ट्रेनिंगला गेलेली. सकाळीच गावातली भागूबाई सुनेला ऑटोत घालून घेऊन आली. लेकरू बाहेर आलं ते निळं पडलेलं, गप. मानेभोवती नाळेचा वेढा होता. मी वेढा काढला, अंग पुसलं, पाठ चोळली, शेवटी तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी दाबत राहिले. मिनिटभर काहीच नाही. मग ते रडलं. भागूबाई भिंतीला टेकून रडायला लागली. मलाही रडू येत होतं, पण वार पडायची होती. सगळं आटोपून हात धुतले आणि सवयीने रजिस्टर ओढून सही ठोकली. सपना जळबा खिल्लारे. पुढे तारीख, वेळ. चूक माझीच.

चार दिवसांनी डॉक्टर हरीश यांनी मला बोलावलं. हे आमचे वैद्यकीय अधिकारी, वयाने माझ्याहून लहान. टेबलावर तेच रजिस्टर उघडं होतं.

"सिस्टर, तालुक्याहून फोन होता. खंडाच्या तारखेला तुमची सही कशी, म्हणून विचारतात."

"मीच केली डिलिव्हरी. अजून कोणाची राहणार?"

"मला माहीत आहे हो. पण दहा वर्षं सलग झालेल्यांना कायम करायची यादी बनते आहे. खंडात तुम्ही कामावर होतात, हा कागद त्यांना अडचणीचा आहे." ते पेनचं टोपण काढत-घालत होते. "तुमचं नाव खोडा, कोमल सिस्टरचं लिहा. तोवर त्यांनी तुमची नवी ऑर्डर थांबवली आहे. नाहीतर काढणारच नाहीत."

कोमल दारातच होती. "ताई, मी करते सही. तुमची ऑर्डर तर निघू द्या."

"आन त्या दिवशी हिंगोलीत ट्रेनिंगला सही केलीस, ती कोणाची? हितं बी तूच, तिथं बी तूच?"

राग आला की माझी शाळेतली भाषा पळून जाते. मी डॉक्टरांकडे वळले. "साहेब, एक सांगा. ते लेकरू रडलंच नसतं तर? तवा बी कोमलचंच नाव लिवलं असतं का?"

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं.

"तवा माझं नाव तुमाला बराबर सापडलं असतं. चौकशीत सापडलं असतं, पेपरात सापडलं असतं. लेकरू जगलं म्हणून मी न्हाई. व्हय ना?"

तेवढ्यात बाहेर ऑटो थांबला. मंजुळाबाई नावाची बाई लेकीला धरून आत आली. लेक साक्षी, तिसरी खेप. बघितलं तर लेकराचं डोकं दिसत होतं.

"सिस्टर, चला, घ्या तिला आत," डॉक्टर म्हणाले.

"कोण, मी? माझी ऑर्डर न्हाई, साहेब. आज बी मी हितं न्हाईच."

बोलले खरी, पण बोलता बोलता हातमोजे घालत होते. आम्ही जाणारच, हे वरच्या लोकांनी धरूनच ठेवलंय. म्हणून तर एवढी वर्षं चाललं. त्या क्षणी मला स्वतःच्या हातांचाही संताप आला.

वीस मिनिटांत मुलगी झाली. ठणठणीत रडली. कोमल तिचं वजन करत होती, माझे हात रक्ताने भरलेले. डॉक्टर दारात उभे होते.

"साहेब, नोंद आत्ताच झाली पायजे. माझे हात अडकलेत. रजिस्टर आना, तुमीच लिवा."

त्यांनी आणलं. आईचं नाव लिहिलं, वेळ लिहिली. 'प्रसूती कोणी केली' त्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"काहून थांबले, साहेब?" मंजुळाबाई म्हणाली. "या शिस्टरनंच तर सोडवलं माझ्या लेकीला. मी हितंच हाय की उभी."

डॉक्टरांनी एकदा कोमलकडे पाहिलं. कोमलने मान खाली घातली आणि लेकराला गुंडाळत राहिली. मग पेन हललं.

"काय लिवलं? वाचा."

"सपना खिल्लारे."

"बापाचं नाव बी टाका. जळबा. आन खाली तुमची सही."

त्यांनी ती केली. रजिस्टर मिटायला गेले आणि थांबले. हलक्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, वरच्या, त्या खंडाच्या दिवशीच्या नोंदीचं काय करायचं?"

"खोडा की," मी म्हणाले. "पण ऑर्डर तर आज बी न्हाई. मग दोन्ही खोडाव्या लागतील, साहेब. आन खालची तुमच्या अक्षरात हाय."