जोडावर बसणारी

बोद वाजलं. रुखमाबाईने बोटाचं पेर वाकवून डोंग्याच्या तळावर पुन्हा ठोकलं. इकडे टणक, तिकडे टणक आणि मधे ओंजळीएवढ्या जागेत रिकाम्या मडक्यासारखं बोद. 

पावसाळ्यात घाटावरच्या या नावेच्या तळाला हातभर चीर गेली होती. अशा चिरेवर जोड मारायचा म्हणजे अंबाडीच्या वाखाचे पट्टे बसवायचे, एक थर उभा, एक आडवा, आणि प्रत्येक थरावर जवसाच्या तेलात उकळलेली राळ चोपडायची. नुसती राळ तडकते, नुसता वाख पाणी पितो. दोघांची गट्टी जमली की लाकूडही त्यांच्यापुढे फिकं. फक्त वाख खडखडीत वाळलेला हवा. ओल राहिली की तिची वाफ होते आणि थर आतून सुटतो. शेवटचा पट्टा टाकताना आभाळ भरून आलं, बाईने घाई केली आणि हे असं झालं.

वैनगंगेच्या त्या घाटावर जोड मारावा तर सोमाजीनेच, असं सारं गाव म्हणायचं. सोमाजी तिचा नवरा. गावाला काय ठाऊक की मागच्या अंगणात, बांबूच्या ताट्यांआड, साल झालं रुखमाबाईच जोड मारते! एकदा उकळत्या राळेत सोमाजीची बोटं बुडाली आणि गडी हूं की चूं न करता तिच्याशी बोलत राहिला. त्याला कळलंच नव्हतं. मग बोटं आखडत गेली. रगतपिती हा शब्द दोघांनी घरातसुद्धा कधी काढला नाही. शेजारच्या गावात एकाला झाली, तर लोकांनी त्याला शिवेबाहेर झोपडी घालून दिली. अन्न लांबूनच ठेवायचे. तो मेला हे घिरट्या घालणाऱ्या घारींवरून कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. सोमाजीची मूठ बारा महिने दुपट्ट्याखाली असे.

आता घाटाची रीत अशी, की ज्याने जोड मारला त्याने पहिल्या फेरीत जोडावरच बसायचं. सोबत नावाडी तेवढा, तिसरा कोणी नाही. नदी अजून दुथडी भरून होती.

पहाटे, पहिल्या फेरीला निघण्याआधी, तिने सोमाजीला सारं सांगितलं. जोड उकलू, नवा मारू म्हणाली. पण घाटाचा ठेका गुणवंतरावांकडे. पहिला जोड फसला हे कळलं की ते म्हणणार, आता माझ्यापुढे मार. मग हात उघडे पडणार. सोमाजीने दुपट्टा गुंडाळला आणि निघायला लागला.

“त्या हातानं पाणी कापता येते काय तुमाले?”

“नाई. पन बुडलो त गावातला मानूस म्हनून बुडीन.”

घाटावर ब्रह्मपुरीच्या बाजाराला निघालेली माणसं टोपल्या घेऊन उभी होती. लटारू नावाडी वल्हं धरून तयार. सोमाजीने पाऊल उचललं, तेवढ्यात रुखमाबाई लुगडं सावरून आत शिरली आणि त्या बोद जागेवर जाऊन बसली.

“बाई, तू काऊन बसून राह्यली?” गुणवंतरावांनी विचारलं.

“जोड मीनं मारला.”

“अन् सोमाजीच्या हाताले काय झालं?”

“राळेनं भाजले.”

लोक हसले. बाईमाणूस अन् जोड मारते म्हणे! सोमाजी मात्र पांढराफटक पडला. तिला ओढून बाहेर काढायचं तर हात काढावे लागले असते.

डोंगा सुटला. रुखमाबाईला पोहता येत होतं, पण त्या धारेत येणं न येणं सारखंच.  तिने जेवढे देव आठवले तेवढ्यांना हाका मारल्या आणि कोणालाच नवस बोलायचं सुचलं नाही. ऐन मध्यधारेत बुडाखाली कर्रकन आवाज झाला. वाफेने धरलेला फुगा फुटला होता. लुगडं गार लागलं. पाणी वल्ह्याचं की खालचं? लटारूनेही तो आवाज ऐकला, वल्हं चुकलं आणि डोंगा एका अंगावर कलला.

काठावरून सोमाजी ओरडला, “लटारू, परत फीर!” आखडल्या बोटांचे दोन्ही हात वर करकरून ओरडत तो पाण्यात घुसला. दुपट्टा धारेला लागला.

रुखमाबाईने चाचपून पाहिलं. वरचा पट्टा सुटला होता, पण खालचे उभे-आडवे थर चिरेला घट्ट धरून होते. पाणी वल्ह्याचंच होतं. तिने लटारूला सांगितलं, धर दम, जोड धरून आहे. लटारू वळला.

परत येताना तिने काठाकडे पाहिलं आणि बुडायची भीती कुठल्या कुठे गेली. दुसरीच तिथे येऊन बसली होती. बाजाराची माणसं टोपल्यांसकट वर, चिंचेच्या झाडापर्यंत सरकली होती. गुणवंतरावांनी धोतराचा सोगा नाकाला लावला होता. दोर धरायला कोणी पुढे आलं नाही. लटारूने उडी टाकली आणि तोही वळसा घालून वर गेला.

सोमाजी एकटा कंबरभर पाण्यात उभा होता.

“पानी आलं काय?”

“नाई आलं.”

“मंग जोड बरा झाला,” तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

सगळ्यांदेखत तिने तो धरला, घट्ट धरला. सोमाजीला ते कळेना. तिचा हात आपल्या हातात आहे ना, हे त्याने खाली वाकून पाहिलं आणि मगच काठाकडे पाऊल टाकलं.