वासोंगाची माती

"अरे मेल्या, डोक्यावर काय घेतलंस त्याला? गोऱ्याची पेटी आहे का ती?"

आकेयोकाकी अंगणातूनच ओरडली, तसा रादिंग दचकून उभा राहिला. नदीपलीकडच्या यागोच्या झाडाचं जड, लांबोडकं फळ तो घेऊन आला होता आणि वाटेत ते कधी डोक्यावर चढलं, हे त्यालाच कळलं नव्हतं. तीन वर्षं इंग्रजांच्या पलटणीची ओझी वाहून मानेला तेच वळण पडलं होतं. भांडण समुद्रापलीकडच्या गोऱ्यांचं आणि माना मोडल्या या गावच्या पोरांच्या!

ज्याचं प्रेत घरी येत नाही, त्याच्या जागी यागोचं फळ पुरायचं, ही इथली रीत. आज काकीच्या एकुलत्या एका वासोंगाला माती द्यायची होती. दोघा चुलतभावांना एकाच दिवशी हमालीला धरून नेलं होतं. परत आला तो एकटा रादिंग.

"माणूस आहे तो. कुशीत घे."

रादिंग हलेना. पाठीमागून, तिथं कुणी नसताना, पुन्हा तोच आवाज आला, 'रादिंग, थांब की जरा.' गुरांना पाणी पाजताना, जेवताना, कधीही यायचा मेला.

"काकी, दुसऱ्या कुणाला तरी सांग. माझे हात नकोत."

"भावानं नाही तर कुणी द्यायची माती?"

"तापानं गेला म्हणालो ना, ते खोटं गं. जिवंत होता तो. हगवणीनं पाय उचलेनात. गोरा म्हणाला, तुझं पिठाचं पोतं फेक, याची पेटी घे. मी पेटी घेतली आणि याला तिथंच चिखलात ठेवलं. 'थांब, थांब' म्हणून हाका मारत होता."

खड्ड्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

"काय होतं पेटीत?" काकीनं विचारलं.

"गोळ्या. जर्मनांना मारायला."

"मग आपापल्या अंगणात मरायचं होतं मुडद्यांनी!" काकीनं त्याच्या छातीवर मूठ मारली, पुन्हा मारली आणि ओक्साबोक्शी रडली. मग तिनंच फळ त्याच्या डोक्यावरून उतरवलं आणि त्याच्या दोन्ही हातांत दिलं.

"चल. आता मागे कुणी गोरा नाही."

खड्डा दहा पावलांवर होता. पाचव्या पावलाला रादिंग अडखळला.

"काय रे?"

"थांब म्हणतोय."

"मग थांब ना," काकी म्हणाली आणि त्याच्या शेजारी मातीत बसली.