सात नंबरची टाचणी

"सर, चार नंबर आन् सात नंबर एकच हाय," महिपत म्हणाला.

परचुरे सरांनी भिंगावरून डोळा काढला नाही. शेजारच्या बाकावर मी लेबलं लिहीत होतो. कल्याणच्या आमच्या हायस्कुलात मी चित्रकला शिकवायचो, अक्षर बरं म्हणून असली वेठ माझ्याच गळ्यात पडायची. ठाण्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी काचेच्या पेटीत टाचण्या मांडल्या होत्या. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण. बसली की पंख मिटून पाठीवर धरते. पेटीत नऊ प्रकार होते आणि ते सगळे प्रयोगशाळेच्या शिपायाने, म्हणजे महिपतने, आंबिवलीच्या नदीकाठी चिखलात उभं राहून पकडले होते. सरांनी फक्त पिना टोचल्या होत्या.

"चार नंबर हिरवी, सात नंबर नारिंगी. आंधळा आहेस का?" सर म्हणाले.

"सातवी कवळी मादी हाय. थोडे दिवस सरले का हिरवी पडते. मी घरी टोपलीत ठेवलेली, वर फडका बांधून. आठ दिवसांत रंग फिरला. आणू का दाखवायला?"

"तू बाटल्या धू. बी.एस्सी. कोण झालंय आपल्यात?"

महिपत बाटल्या धुवायला गेला. सरांनी हेडमास्तरांना नऊ प्रकार सांगून ठेवले होते. आता आठ म्हणायचं तर नाक कापलं गेलं असतं. मला त्या माणसाचा मनस्वी संताप आला. संताप आला आणि मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

महिपतचं दोन वर्षं एकच मागणं होतं. लेबलाखाली संग्राहक म्हणून आपलं नाव यावं. सर दर वेळी हसून विषय बदलायचे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मात्र ते मला आपण होऊन म्हणाले, "सात नंबरवर महिपतचं नाव टाका." मला वाटलं, माणसाला उपरती झाली. 'संग्राहक : महिपत धोंडीबा शेलार' असं मी झोकात लिहिलं आणि धावत जाऊन त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो नवा सदरा घालून ठाण्याला आला.

मुंबईहून आलेले परीक्षक पेटीवर वाकले आणि त्यांनी नेमकं सातव्या पिनेवर बोट ठेवलं. "ही चौथीचीच कोवळी मादी. हिला वेगळी कुणी काढली?"

"आमच्या शिपायाने," परचुरे सर शांतपणे म्हणाले. "खाली नाव आहे पाहा. या लोकांना कितीही शिकवा."

म्हणजे सरांना शंका होतीच. महिपतने सरांकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं. त्याचं प्रयोगशाळेतलं बोलणं ऐकलेला माणूस मी एकटाच होतो. पुढच्या वर्षी परचुरेच हेडमास्तर होणार, हे मला ठाऊक होतं. मी चष्मा काढून पुसत बसलो.

"पकडली मी, साहेब," महिपत म्हणाला. "वेगळी मी नाय केली."

परीक्षक तोवर पुढच्या टेबलाकडे गेले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली आणि त्याला घंटेवर बसवलं. किल्ली देण्याआधी त्याने पेटी उघडून सातवी टाचणी चौथीच्या शेजारी लावली होती. तिचं लेबल घेऊन तो माझ्या वर्गात आला. पिनेचं भोक त्याच्या नावातूनच आरपार गेलं होतं.

"महिपत, मी त्या दिवशी—"

त्याने लेबल माझ्या टेबलावर ठेवलं आणि बोटाने सरळ केलं.

"ठेवा, मास्तर. अक्षर ब्येस आलंय तुमचं."

मग तास संपल्याची घंटा द्यायला तो निघून गेला.