एक्स-रेच्या खोलीतली सूचना

दुपारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एक मुलगी आली. मनगट सुजून टम्म झालेलं. सोबतचा माणूस स्वतःला तिचा काका म्हणवत होता. डॉक्टरांनी तिला काहीही विचारलं, की उत्तर तोच द्यायचा.

"जिन्यावरून पडली. जरा वेंधळीच आहे."

एक्स-रेच्या खोलीतही तो मागोमाग शिरायला लागला, तेव्हा एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी त्याला दारातच अडवलं. "आत फक्त पेशंट." तो कुरकुरत बाकावर टेकला.

दार लागलं. समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवलंय का? तुमची कागदपत्रं कुणी काढून घेतलीत का? इथे सांगा. तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे काही होणार नाही.' ही सूचना आधी बाहेरच्या हॉलमध्ये होती. पण सगळ्यांदेखत ती वाचायची छाती कुणाची होणार? म्हणून बाईंनी ती इथे आणून लावली होती.

मुलगी वाचत राहिली. बाईंनी घाई केली नाही.

"हे खरं आहे?"

"अगदी खरं."

"तो माझा काका नाही. शिवणकाम शिकवतो असं सांगून आम्हा दोघी बहिणींना आणलं." तिने बंद दाराकडे पाहिलं. "मी बोलले, तर धाकटीचं काही खरं नाही. ती तिकडे कारखान्यातच आहे. बाहेरून कुलूप असतं."

"पत्ता ठाऊक आहे?"

"खिडकीतून टायरच्या दुकानाची पाटी दिसते, पत्त्यासकट. रोज वाचते."

"मग आधी धाकटीला आणू. पोलिसांना कळवू?"

तिने होकारार्थी मान हलवली.

पोलिसांना फोन करून बाई बाहेर आल्या आणि त्या माणसाला म्हणाल्या, "प्लास्टर घालायचंय, वेळ लागेल." तो चहा पीत बसला. साध्या कपड्यांतले पोलीस आधी कारखान्यावर गेले, कुलूप तोडून धाकटीला आणि आणखी चौघींना बाहेर काढलं. मगच त्याच्या खांद्यावर हात पडला.

संध्याकाळी धाकटी आली, केसांत दोऱ्याचे तुकडे अडकलेले. प्लास्टरकडे बघून म्हणाली, "तायडे, आता तुझी वेणी मी घालणार. ओरडायचं नाही."

मोठी हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. बाईंची ड्युटी कधीच संपली होती, पण त्यांचा पाय निघेना. त्यांनी आपल्या फोनवरून मुलींच्या आईला फोन लावून दिला. पलीकडे बराच वेळ नुसते हुंदके. मग आईने नाक ओढलं.

"मी निघालेच. आधी सांगा, काही खाल्लंत का दोघींनी?"