झाकणाआड अडकलेला रंग

मित्रांनो, मी एक जुनी, अंगठ्याएवढी काचेची बाटली आहे. इंदापुरात करुणाच्या टेबलावर राहते. माझ्या पोटात पातळ तपकिरी रंग आहे. त्याला वॉश म्हणतात. रंगवलेल्या इवल्याशा मूर्तीवर तो फिरवला की चुण्यांत, सुरकुत्यांत जाऊन बसतो आणि मूर्तीचा चेहरा बोलू लागतो.

करुणाने मला पुण्याच्या दुकानातून हौसेने आणले. तिच्या आजोबांचे, बाजीराव तात्यांचे, जुने गाव धरणाच्या पाण्यात गेले होते. ते गाव ती इवल्याशा घरांनी आणि माणसांच्या मूर्तींनी एका फळीवर उभे करत होती. तात्यांची नजर दिवसेंदिवस मंदावत होती. त्यांच्या आईचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहरा आता फक्त त्यांनाच ठाऊक होता.

पहिल्या मूर्तीवर करुणाने मला वापरून पाहिले.

"झ्याक दिसतंय!" तात्या म्हणाले.

मी सुखावले. पण करुणाने लगेच झाकण लावले. "हा चांगला वॉश पणजीच्या, तुमच्या आईच्या मूर्तीसाठी ठेवते, तात्या."

तेव्हापासून मी कोंडली गेले. बाकीच्या माणसांसाठी ती घरीच वॉश बनवू लागली. रंग, पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. सुरुवातीला साबण जास्त झाला आणि मूर्तींवर फेसाचे डाग उमटले. मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू? पण हळूहळू तिचा हात बसला. इकडे माझ्या तोंडाशी ओघळलेला रंग वाळून दगड झाला. आत मी घट्ट होत होते आणि मला हाक मारता येत नव्हती.

अखेर तात्यांनी सांगितलेल्या खुणांवरून पणजीची मूर्ती तयार झाली. करुणाने मला गरम पाण्यात धरले, पक्कड लावली. झाकण हलले नाही.

"घरच्या वॉशनं बिघडली तर, तात्या?"

"बिघडू दे. मला दिसतंय तवर कर."

तिने घरचाच वॉश फिरवला. तात्यांनी मूर्ती खिडकीशी, डोळ्यांजवळ धरली.

"कपाळाला आठी व्हती. वाईच गडद कर."

करुणाने पुन्हा कुंचला टेकवला. तात्यांनी मूर्ती पुन्हा डोळ्यांजवळ नेली. मग हलकेच म्हणाले, "आये, किती वर्सांनी गं!"

मी काचेआडून पाहत होते.

मित्रांनो, आम्हाला वापरा, तोंड पुसा आणि मगच झाकण लावा. चांगल्या दिवसासाठी म्हणून कोंडून ठेवू नका. तो दिवस येऊन गेला. मी अजून भरलेलीच आहे.