लुतालोची वाकडी रांग

आमच्या नाकिबांगा घाटावर गावचा चेअरमन निवडायला चिठ्ठी नाही की पेटी नाही. उमेदवार मैदानात उभा राहतो आणि ज्याला तो हवा असेल तो जाऊन त्याच्या पाठीमागे उभा राहतो. कोण कुणामागे आहे ते सगळ्या गावाला दिसतं, कुत्र्यांनासुद्धा. त्यामुळे निवडणूक जवळ आली की माणसं भलतीच गोड होतात. माझ्या खाणावळीत येऊन शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर उकडलेली केळी हाणायची, "नांतेझाची आई, आम्ही तुझेच" म्हणायचं, आणि हात धुवायला माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या लुतालोनं वाटलेला साबण खिशातून काढायचा.

मी उभी राहिले ती एकाच गोष्टीसाठी. घाटाच्या वरच्या मैदानासाठी.

माझी नांतेझा रांगत होती तेव्हा बेटावरच्या बाजारातून परतणारी होडी वादळात उलटली. ज्यांची प्रेतं मिळाली त्यांना त्यांच्या त्यांच्या कुळाच्या गावी नेलं. बाकीच्यांना तळ्यानं ठेवून घेतलं. आमच्यात माणूस सापडला नाही तर त्याच्या जागी केळीचं खोड झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून पुरतात. रडायचं तेवढंच, माती लोटायची तेवढीच. पाण्यानं जिथून नेलं तिथेच पुरा, असं तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, म्हणून ती सगळी खोडं वरच्या मैदानात आहेत. माझा नवरा कायोंडो तिथे आहे. म्हणजे त्याचं खोड आहे. इतक्या वर्षांनी मी दोघांत फरक करत नाही. खोड त्याच्यापेक्षा गप्प असतं, एवढंच.

लुतालो हा मोटारसायकलवाल्यांचा पुढारी. पोरगा वाईट नाही. गावात कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर पहिली हाक त्यालाच. त्याला मैदानात छपराची मंडई बांधायची होती आणि एक नळ आणायचा होता. नळ मलाही हवा होता. रोज डोक्यावरून पाणी मीही वाहते.

"मंडई दुसरीकडे बांध," मी त्याला म्हटलं. "तिथे माणसं आहेत."

"आत्या, तिथे केळी आहेत. आणि त्याही कधीच्या कुजलेल्या."

"तुझा थोरला भाऊ आहे तिथे."

"भाऊ तळ्यात आहे. मी तर तेव्हा आईच्या पाठीवर बांधलेला होतो, मला काय आठवणार? बरं, तू दाखव. कोण कुठे आहे ते दाखव, मी मंडई तेवढी सरकवतो."

इथे माझी पंचाईत झाली. खुणेला लावलेली झुडपं शेळ्यांनी खाऊन टाकली होती. मला माझ्या कायोंडोची जागा ठाऊक. बाकीच्यांची ज्याची त्याला. मी घरोघर गेले. "चला, आपापली जागा दाखवा." कुणाचं मूल आजारी, कुणाचं जाळं फाटलेलं. लुतालोसमोर मैदानात जाऊन बोट दाखवायचं म्हणजे निवडणुकीआधीच उघडं पडायचं. शिवाय नळ सगळ्यांनाच हवा होता.

लुतालोची आई नाम्पिजा माझी जुनी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच होडीनं विधवा झालो, तिचा तर नवराही गेला आणि पोरगाही. नवरा सापडला, पोरगा नाही. ती चुलीपाशी बसून माझी केळी सोलत म्हणाली, "तू माझ्या पोराविरुद्ध उभी राहा, माझी ना नाही. पण मी त्याच्याच मागे उभी राहणार. आई आहे मी."

"राहा की. मोठा सुरा तेवढा इथे ठेवून जा."

"सुरा माझा आहे."

मग एके दिवशी मी मासे आणायला बेटावर गेले असताना लुतालोनं ट्रॅक्टर आणून मैदान सपाट करून घेतलं. परत आले तर तिथे खळगा नाही की उंचवटा नाही, अंगण सारवल्यासारखं. वर त्यानं सांगितलं, शाळेच्या मैदानात पाणी साचलंय, तर मतदान इथेच घेऊ. गावानं आपल्या पायांनी इथे उभं राहून बघावं, ही जागा किती मोकळी आहे ते.

मी मनात म्हटलं, संपलं.

मतदानाच्या सकाळी जिल्ह्याहून साहेब आला. मला त्यानं वारुळाकडच्या खडकाळ कोपऱ्यात उभं केलं. लुतालोनं स्वतःसाठी तळ्याकडची सपाट बाजू मागून घेतली होती. साहेबानं शिट्टी वाजवली आणि माणसं निघाली.

माझ्यामागे गालिवांगो काका आले, खाणावळीतल्या दोघी आल्या, घाटावर मासे वाळवणाऱ्या बायका आल्या. नंतर कुणी येईना. माझी रांग आखूड आणि काठीसारखी सरळ. लुतालोची वाढतच गेली. केळी खाऊन "तुझेच" म्हणणारे सगळे तिकडे. मला राग यायला हवा होता, पण मी त्या रांगेकडे बघतच राहिले.

ती वाकत होती.

पुढची दहाबारा माणसं नीट उभी राहिली, आणि मग किझितो न्हावी एकदम डावीकडे सरकला. त्याच्यामागचे त्याच्यामागे. थोडं मागे एक बाई उजवीकडे गेली, मधे एक माणूस झोपेल एवढी जागा सोडून. तिच्यामागे नाम्पिजा. तिनं लुगडं हातानं वर धरलं आणि रिकाम्या मातीला वळसा घालून पलीकडे जाऊन उभी राहिली. पाठीमागून येणारे तरणे पोरगेसुद्धा, ज्यांना काही ठाऊक नव्हतं, म्हाताऱ्यांच्या पावलावर पाऊल टाकत वळत होते.

"सरळ उभे राहा!" साहेब ओरडला. "मोजायचं कसं मी?"

"सरळच आहोत, साहेब," किझितो म्हणाला. जागचा हलला नाही.

"ही सरळ? ही नदी आहे!"

"तुम्ही मोजा. आम्ही इथेच बरे आहोत."

लुतालोनं मान वळवून मागे पाहिलं. ट्रॅक्टरनं पुसलेलं सगळं त्याच्याच माणसांनी त्याच्या पाठीमागे उभं राहून पुन्हा काढून ठेवलं होतं.

साहेबानं घाम पुसत मोजलं. लुतालो सहज जिंकला. मोटारसायकलींचे भोंगे वाजायला लागले. आता रांग मोडणार, सगळे नाचत घाटाकडे धावणार, हे दिसताच मी बाजारात ओरडते तशी ओरडले.

"कुणी हलायचं नाही!"

भोंगे थांबले.

"निवडणूक संपली, आत्या," लुतालो म्हणाला. "तू हरलीस."

"हरले. तू चेअरमन. अभिनंदन, शिक्का तुला लखलाभ होवो. पण ही माणसं जिथे उभी आहेत तिथेच राहू देत." मी गालिवांगो काकांना म्हटलं, "काका, खुणा करायला जवळच्या घरातून कुदळी आणा. मिळतील तेवढ्या." आणि लुतालोच्या रांगेकडे चालू लागले. "ज्यानं ज्याला वळसा घातलाय त्यानं त्याचं नाव सांगायचं. मत देऊन झालंय, आता कुणाला भ्यायचं कारण नाही."

सगळ्यांच्या माना खाली. मी किझितोपुढे जाऊन उभी राहिले. तो लुतालोकडे बघत होता.

तेव्हा मागून नाम्पिजाचा आवाज आला. "इकडे ये गं. माझा थोरला इथे आहे."

"आई," लुतालो दबक्या आवाजात म्हणाला, "लोक बघतायत."

"बघू देत. मघाशी तुझ्यामागे उभी राहिले तेव्हाही बघत होते. तू म्हणाला होतास ना, दाखवा, मंडई सरकवतो? ही बघ जागा. सरकव."

किझितोनं घसा खाकरला. "माझा बाप," तो म्हणाला. "माझ्या उजव्या हाताला." त्याच्यामागून आणखी एक आवाज आला, मग रांगेच्या शेपटाकडून एक, आणि मग मला एकेकाचं ऐकताच येईना.

कुदळी आल्या. मी एक नाम्पिजाला द्यायला गेले, तर मधेच लुतालोनं ती माझ्या हातून घेतली. तो आईपाशी जाऊन उभा राहिला, पण कुदळ उचलेना. मग हळूच विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला ठेवलं होतं?"

"खोडाला कसलं डोकं रे?" नाम्पिजा म्हणाली. मग तिनं हात केला. "पाय तळ्याकडे."

त्यानं पहिली रेघ तिथून ओढली. मी बघत थांबले नाही. किझितो अजून, बापावर पाय पडू नये म्हणून, एका पायावर तोल सांभाळत उभा होता.

"हं," मी दुसरी कुदळ टेकवून म्हटलं. "बापाचं नाव सांग."